राणीसाहेबांची सही

मंगळावरच्या वस्तीत राणी होती, राजवाडा होता, झालंच तर मुकुटही होता. मग हुकूम कोणाचा चालायचा? अकरा वर्षांच्या राणी इरावतीला वाटायचं, आपलाच!

हा भ्रमाचा भोपळा एका गुरुवारी फुटला. पंतप्रधान देवस्थळीबाईंनी एक कायदा सहीसाठी पाठवला. वस्तीतलं एकुलतं एक तळं उपसून ते पाणी भाजीच्या मळ्यांना द्यायचं होतं. आणि त्याच तळ्यात इरावतीची लाडकी बदकं राहायची.

"मी नाही सही करणार! राणी कोण आहे इथे?" ती कडाडली.

"आपणच, राणीसाहेब," तिचा शिक्षक, यंत्रमानव गुणाकर म्हणाला. "पण आपल्याला निवडलं कोणी?"

"निवडायचं काय त्यात? आई राणी होती, म्हणून मी."

"बाईंना लोकांनी निवडलंय. त्या चुकल्या, तर लोक पुढच्या निवडणुकीत त्यांना घरी बसवतील. आपण चुकलात तर?"

उत्तर इरावतीला मुळीच आवडलं नाही, पण कळलं.

"म्हणून संविधान (राज्य कसं चालवायचं याचे सर्वांनी मान्य केलेले नियम) राणीपेक्षाही मोठं. कायदे ठरवतात निवडून आलेले लोक, राणी त्यांवर सही करते. या पद्धतीला संविधानिक राजेशाही म्हणतात."

"मग राणी हवी कशाला? एक शिक्का पुरे की!" तिचा आवाज रडवेला झाला.

"शिक्क्याला प्रश्न विचारता येत नाहीत. राणीला येतात. ती सल्ला देऊ शकते, धोका दिसला तर बजावू शकते. शिवाय बाई एका पक्षाच्या. ज्यांनी त्यांना मत दिलं नाही, त्यांच्याही राणी आपणच."

दर शुक्रवारी पंतप्रधानांनी राणीकडे चहाला यायचं, असा रिवाज होता. बाई आल्या तशी इरावतीने विचारलं, "बदकांचं काय, बाई? इथल्या पोरांनी दुसरं काहीच पोहताना पाहिलेलं नाही."

बाईंचा कप हातातच राहिला. "खरंच की! हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. पण भाजी पिकली नाही तर पोरं खातील काय? तळं जाणारच, राणीसाहेब. बदकं कुठे ठेवायची, ते मात्र कायद्यात लिहिलेलं नाही."

इरावतीने डोळे पुसले आणि सही केली.

ध्रुवावरचं बर्फाचं पाणी आणणारी नळी पुरी झाली की तळं पुन्हा भरायचं, असं पुढे निवडून आलेल्यांच्या सभेत ठरलं. तोवर बदकं राजवाड्याच्या न्हाणीघरातल्या हौदात पोहू लागली आणि ती बघायला वस्तीतल्या पोरांची तिथे झुंबड उडू लागली. राणीसाहेब रोज सकाळी खांद्यावर पंचा टाकून देवस्थळीबाईंकडे आंघोळीला जाऊ लागल्या.