सगळा संघ अर्धा किलो जड!

"कोरो, डावीकडे! डावीकडे म्हणतेय ना मी!" ब्रायर मागच्या सीटवरून ओरडली.

"डावीकडे नदी आहे," कोरो शांतपणे म्हणाले आणि त्यांनी व्हॅन उजवीकडे वळवली.

"नकाशा उलटा धरलाय तिनं," सात वर्षांच्या पिपीनं जाहीर केलं. हिनेरा खिडकीला डोकं टेकून पोट धरून हसू लागली.

कोरो म्हणजे हिनेरा आणि पिपीचे आजोबा. त्यांना गावात सगळेच कोरो म्हणत, शेजारच्या मळ्यावरची ब्रायरसुद्धा. शाळेला सुट्टी लागली की इतर मुलं समुद्रावर जात. या तिघी जात टोटारा कोस्ट प्रांताच्या रग्बी संघांमागे. मोठ्यांचा संघ, बायकांचा संघ, सोळा वर्षांखालची मुलं, जिथं सामना तिथं कोरोंची व्हॅन! मागे घडीच्या खुर्च्या, चहाचे थर्मास, हिरवा-पिवळा झेंडा आणि गाईच्या गळ्यातली एक भली मोठी घंटा.

"मागच्या शनिवारी आपण कितीनं हरलो गं?" ब्रायरनं विचारलं.

"मी मोजायचं सोडून दिलं होतं," पिपी म्हणाली.

टोटारा कोस्टवर माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. संघ जमवतानाच नाकी नऊ येत, तिथं जिंकायचं कुठून? पण आजची गोष्ट वेगळी होती. केर्नवेलला तेरा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा होती आणि प्रांताच्या संघात हिनेराचा धाकटा भाऊ तावेरा होता. जर्सी नंबर तीन! स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ खांद्याला खांदा भिडवून रेटतात त्या घोळक्यात, तो अगदी पुढच्या फळीत असणार होता. आदल्या संध्याकाळी संघाला जर्सी वाटायचा मान कोरोंना मिळाला होता, कारण तरुणपणी त्यांनीही हीच जर्सी घातली होती. तीन नंबरची जर्सी त्यांनी स्वतः नातवाच्या हातात दिली होती.

पुढच्या वर्षी तावेरा या गटात बसणार नव्हता. वरच्या गटात साऱ्या प्रांतातून मोजकीच मुलं घेत. म्हणजे प्रांताकडून खेळायची ही एकच संधी.

अडचण एकच होती. या स्पर्धेत प्रत्येक मुलाचं वजन साठ किलोच्या आत लागे. काल जनावरांच्या दवाखान्यातल्या काट्यावर सगळ्या संघाचं वजन झालं, तेव्हा तावेरा एकोणसाठ किलो आठशे ग्रॅम भरला होता. रात्री तो नुसतं सूप पिऊन झोपला आणि आज सकाळपासून त्यानं पाणीही घोटभरच घेतलं होतं.

व्हॅन केर्नवेलच्या मैदानाशी थांबली तेव्हा पाऊस कोसळत होता. संघाची बस नुकतीच पोचली होती, तीही सगळ्यांत शेवटी. चड्डीवर, अनवाणी पायांनी मुलं डबक्यांतून पळत क्लबच्या इमारतीत शिरली. या तिघीही मागोमाग घुसल्या.

आत मिस्टर डंकर्ली काट्याशेजारी बसले होते. ते स्पर्धेचे प्रमुख. एका हातात पेन्सिल, दुसऱ्यात केकचा तुकडा.

"पुढचा! पुढचा! लवकर!"

एक मुलगा उतरायच्या आत दुसरा चढत होता. तावेरा चढला. डंकर्लींनी आकड्याकडे पाहिलं आणि केक खाली ठेवला.

"साठ किलो तीनशे."

"नाही!" हिनेराच्या तोंडून निघून गेलं.

"पुन्हा उभा राहा, बाळा." तावेरा पुन्हा उभा राहिला. साठ किलो तीनशे.

"सॉरी. तू खेळू शकणार नाहीस."

"पण काल तो साठच्या आत भरला होता! कोच, सांगा ना यांना!"

कोच सेफो पुढे आले. ते बोलले, त्यांनी समजावलं, हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. डंकर्ली मान हलवत राहिले. "हा काटा याच महिन्यात तपासून आणलाय. हे बघा, शिक्का आहे. आज एकाला सोडलं तर उद्या सगळ्यांनाच सोडावं लागेल."

एवढं बोलून त्यांनी काट्याचं बटण बंद केलं.

तावेरा कपडे बदलायच्या खोलीत गेला. तो बाहेर आला तेव्हा तीन नंबरची जर्सी राखीव मुलाच्या अंगावर होती. ती त्याला ढगळ होत होती.

"कोरो, काहीतरी करा ना!" हिनेरानं त्यांची बाही ओढली.

कोरोंनी हळूच तिचा हात सोडवला. "काय करू, बाळा? नियम आहे त्यांचा."

कोरोंना असं हतबल कधी कुणी पाहिलं नव्हतं. कुणीतरी तावेराच्या हातात कांदा-सॉसेज घातलेला पाव दिला. आता वजनाची काळजी कशाला? तो बाकावर बसून जमिनीकडे बघत मुकाट्यानं खात राहिला. हिनेरा शेजारी बसली.

"जा ना गं, हिने," तो म्हणाला. "मॅच बघ. माझ्याकडे काय बघतेस?"

ती उठली. तिला बसताही येत नव्हतं आणि काही करताही येत नव्हतं.

दारात टोटारा कोस्टची मुलं बूट बांधत होती. मैदानाच्या कडेनं पळणारा, काडीसारखा बारीक विंगर दंड फुगवून दाखवत होता. "बघा! एका रात्रीत अर्धा किलो वाढलो! आईला सांगतो, आता तरी दलिया बंद कर म्हणावं!"

"मीपण अर्धा किलो!" दुसरा म्हणाला.

"अरे, मीसुद्धा! बसमध्ये बसून बसून वाढलो वाटतं."

हिनेरा जागीच थबकली.

"ब्रायर, ऐकलंस?"

"काय? पोरं फुशारक्या मारतायत."

"सगळे अर्धाच किलो कसे वाढतील? कुणी जास्त खाल्लं असेल, कुणी कमी. तावेरानं तर काहीच खाल्लं नव्हतं, तोही अर्धा किलोच वाढला! पोरं नाही वाढली. काटा चुकतोय!"

ब्रायरचे डोळे चमकले. "मग चल, काट्याचीच परीक्षा घेऊ!"

क्लबच्या स्वयंपाकघरातल्या मिसेस पेनफोल्डबाईंकडून त्यांनी पिठाची दहा किलोची सीलबंद पिशवी मागून आणली. चहापाण्याची सगळी व्यवस्था त्याच बघत होत्या. वजनाच्या खोलीत कुणी नव्हतं; पिपीही मागोमाग आत आली. ब्रायरनं बटण दाबलं. शून्य. हिनेरानं पिशवी ठेवली.

दहा किलो. बरोबर दहा!

दोघी आकड्याकडे बघत राहिल्या. बाहेर शिट्टी वाजली. पहिला सामना सुरू झाला होता.

"म्हणजे काटा बरोबर आहे," ब्रायर हळूच म्हणाली. "हिने, कदाचित... तावेरा खरंच..."

"गप्प बस!"

"बसते. पण ओरडू नको माझ्यावर. मी काय त्याला साठ किलोचा केला?"

हिनेराला रडू कोसळेल असं वाटलं. खिडकीतून मैदान दिसत होतं. टोटारा कोस्टचा स्क्रम मागे मागे सरकत होता, चिखलात पाय रुतवूनही सरकत होता, आणि बरोबर तीन नंबरच्या बाजूनंच मोडत होता. कोरोंची घंटा ऐकू येत नव्हती.

"ईऽऽ!" कोपऱ्यातून पिपी किंचाळली. "माझे मोजे ओले झाले!"

हीटरसमोर फरशीवर मेंढीचं एक कातडं पसरलेलं होतं, दाट पांढऱ्या लोकरीचं. पिपी त्यावर पाय शेकायला उभी राहिली होती.

"ओले कसे? वरून तर कोरडं दिसतंय," ब्रायर म्हणाली.

"दिसतंय कोरडं. पण उडी मारली की आतून पाणी येतं. आणि ओल्या मेंढीचा वास येतोय!"

हिनेरा खाली बसली. तिनं लोकरीत बोटं खुपसली. वरची लोकर उबदार होती, मुळाशी थंडगार ओल. घरच्या शेडमध्ये कोरो ओल्या मेंढ्या कातरायला सक्त मनाई करत. लोकर किती पाणी पिते ते बघून कळत नाही, ते फक्त वजनात कळतं, असं ते दर हंगामात सांगत.

ती धावतच स्वयंपाकघरात गेली. "मिसेस पेनफोल्ड, ते कातडं सकाळी कुठं होतं?"

"काट्यावर, अगं. लोखंड किती गार! पोरं अनवाणी उभी राहणार, म्हणून मीच घातलं. डंकर्लींनी त्याच्यासकट शून्य करून घेतलं होतं हं, मी बघितलंय."

"तेव्हा ते कोरडं होतं?"

"एकदम! घरून आणलं होतं ना."

हिनेरानं परत येऊन दोघींना जवळ ओढलं. "कळलं? शून्य केलं तेव्हा कातडं कोरडं होतं. मग एकेक मुलगा ओले पाय घेऊन चढला. कातडं पाणी पीत गेलं, जड होत गेलं. आपण सगळ्यांत शेवटी! ते पाणी तावेराच्या वजनात धरलं!"

"आणि आता ते हीटरसमोर वाळतंय," ब्रायर म्हणाली. "पुरावा चाललाय उडून!"

पिपीनं कातडं झटकन उचलून हीटरपासून लांब नेलं.

"पण डंकर्ली ऐकणार का?"

"ऐकणार नाहीत," ब्रायर म्हणाली. "पण चिडतील नक्की! थांब तू."

ती बाहेर गेली आणि डंकर्ली उभे होते त्या छपराखाली मोठ्यानं म्हणाली, "काका, इथला काटा वाट्टेल ते वजन दाखवतो म्हणे! सगळे प्रेक्षक तेच बोलतायत!"

"कोण बोलतंय?" डंकर्लींचे कान लाल झाले. "कोण म्हणतं असं? चल, दाखवतो!"

ते तरातरा खोलीत आले. हिनेरा काट्याजवळ उभी होती.

"मिस्टर डंकर्ली, सकाळी केलंत तसंच सगळं करून दाखवाल का? तुम्हीच करा. आम्ही हात लावला तर लोक म्हणतील, मुलींनी गडबड केली."

"अर्थात मीच करणार!" त्यांनी कातडं काट्यावर घातलं आणि बटण दाबलं. शून्य. "झालं समाधान?"

"आता काटा बंद करू नका. आम्ही कातडं जरा नेतो आणि परत आणून ठेवतो. तोवर तुम्ही इथं राखण कराल? तुमच्याशिवाय कुणावर विश्वास ठेवणार?"

"मी इथून हलणार नाही," डंकर्ली छाती काढून म्हणाले. "शिक्का आहे त्याच्यावर!"

जर्सी धुवायच्या खोलीत एक मोठा ड्रायर होता. कातडं आत जाताना बघून मिसेस पेनफोल्डबाई धावत आल्या.

"अगं, आकसेल ते! लाकडासारखं कडक होईल!" मग त्यांनी हिनेराचा चेहरा पाहिला. "बरं बरं, घाला. माझ्या त्या कातड्यापायी पोराचा खेळ बुडाला असेल तर... घाला तुम्ही."

ड्रायर फिरू लागला. करायला आता काहीच नव्हतं. तिघी जमिनीवर बसून गोल काचेकडे बघत राहिल्या. भिंतीपलीकडून आरडाओरडा येत होता, पण आपल्या लोकांचा नव्हे. एकदा शिट्टी आली आणि मग टोटारा कोस्टच्या बाजूनं एक लांब, एकत्रित "ओऽऽह".

"आणखी एक ट्राय बसला आपल्यावर," पिपी कुजबुजली.

"थांबव ना ड्रायर, हिने," ब्रायर म्हणाली. "पुरे झालं."

"अर्धवट सुकलं तर फरक कमी दिसेल. मग काय उपयोग?" हिनेरानं गुडघ्यांना मिठी मारली. आणखी एक "ओऽऽह" आलं. ती उठली नाही.

ड्रायर थांबला तेव्हा सामनाही संपला होता. टोटारा कोस्ट हरला होता. मुलं चिखलानं माखून आत येत होती. दारात कोरो, कोच सेफो आणि तावेरा उभे राहिले. डंकर्ली अजून खुर्चीवरच होते.

हिनेरानं कडक झालेलं कातडं काट्यावर ठेवलं आणि हात मागे घेतले.

आकडा थरथरला आणि थांबला. त्याच्या डावीकडे एक आडवी रेघ होती. उणे चारशे वीस ग्रॅम!

सगळे जण पुढे वाकले.

"म्हणजे चारशे वीस ग्रॅम पाणी यात होतं," हिनेरा म्हणाली. "निदान तेवढं. हीटरसमोर त्याआधीच थोडं उडून गेलं असेल. तावेरा फक्त तीनशे ग्रॅमनं जास्त भरला होता."

डंकर्लींनी आकड्याकडे पाहिलं, कातड्याकडे पाहिलं, मग शिक्क्याकडे. "चढ रे काट्यावर," ते तावेराला म्हणाले.

"त्यानं आता सॉसेज खाल्लंय!" ब्रायर घाईघाईनं म्हणाली. "किती रे?"

"चार," तावेरा पुटपुटला.

"चार!" कोच सेफोंनी कपाळावर हात मारला.

डंकर्लींनी वजनांची यादी पुढे ओढली. मग त्यांनी पेन्सिल उचलली. "सकाळचं वजनच धरायचं. साठ किलो तीनशेमधून चारशे वीस वजा. एकोणसाठ किलो आठशे ऐंशी. पास!" ते उभे राहिले. "बाळा, मधे एकदा तरी काटा रिकामा करून बघायला हवा होता मी. चूक माझी. पहिली मॅच मी तुला परत देऊ शकत नाही. दुपारची तुझी आहे."

मग ते हिनेराकडे वळले. "आणि तू. मोठी होऊन काय करणार आहेस ते मला ठाऊक नाही. पण पुढच्या वर्षी इथं वजन घ्यायला तूच ये."

कोरो पुढे आले. त्यांनी हिनेराचं डोकं जवळ घेऊन तिच्या कपाळाला आपलं कपाळ टेकवलं, आणि तिला कळलं की ते रडतायत. मग त्यांनी ब्रायरला ओढलं, मग पिपीला.

"मोजे ओले झाल्याचं मीच सांगितलं होतं," पिपी म्हणाली.

दुपारी पाऊस थांबला. तावेरा धावत मैदानात उतरला. तीन नंबर! घंटा घणघणली. टोटारा कोस्टचा स्क्रम या वेळी मागे सरकला नाही. पण समोरचा संघ वेगवान होता, आणि शेवटची मिनिटं आली तेव्हा टोटारा कोस्ट चार गुणांनी मागे होता. चेंडू रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ट्राय, आणि एका ट्रायचे पाच गुण. चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपाशी होता.

"कोरो, आता काय करायचं?" हिनेरानं मैदानाच्या कडेला बांधलेला दोर घट्ट धरून विचारलं.

"आता आपल्या हातात काही नाही गं. ओरड!"

ती ओरडली. चिखलातून तीन नंबर उठला, चेंडू छातीशी धरून त्यानं डोकं खाली घातलं आणि तो सरळ घुसला. दोघे त्याला लोंबकळले, मग तिसरा, मग चौथा. सगळे रेषेवर कोसळले. नुसता ढिगारा! हिनेराला तो दिसत नव्हता. रेफरी वाकला, हात जमिनीवर टेकून आत डोकावला. ती ओरडतच होती.

रेफरी उभा राहिला. त्यानं नकारार्थी मान हलवली. चेंडू जमिनीला टेकला नव्हता. शेवटची शिट्टी वाजली.

ढिगारा उलगडत गेला. तळाशी तावेरा होता, डोळे आणि दात सोडले तर सगळा चिखल. तो उठला, वळला आणि दोराच्या कडेनं शोधू लागला. हिनेरा दिसताच तो लंगडत तिच्याकडे आला. तो चक्क हसत होता.

"पाहिलंस?" त्यानं धापा टाकत विचारलं. "पाहिलंस ना, हिने?"

तिला उत्तर द्यायचं होतं. पण ओरडून ओरडून तिचा आवाजच बसला होता. ती नुसती मान हलवत राहिली, हो, हो, हो.