नाव न घेता मारलेली हाक

आमची आसावरी तीन वर्षांची झाली तरी 'आई' म्हणेना, तेव्हा मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात तिचे कान तपासायचं ठरलं. आमच्या ह्यांना कंपनीत शिफ्ट बदलून मिळाली नाही, म्हणून मी एकटीच तिला घेऊन निघाले. पनवेलच्या पुढं मी कधी गेले नव्हते. नणंदेनं, ऋतुजानं, सगळं कागदावर लिहून दिलं होतं. आपल्या खांब गावच्या नाक्यावर एसटी धर, सायनला उतर, टॅक्सीवाल्याला हा पत्ता दाखव, कुणी विचारलं तर पहिल्यांदा आलेय असं सांगू नको.

पोहोचले बाई नीट. दवाखान्यात आसावरीला औषध पाजून निजवलं आणि डोक्याला वायरी चिकटवल्या. त्या खोलीच्या भिंतींना जाड गादीसारखं काहीतरी लावलेलं होतं. स्पिरिटचा वास, एसीचा गारवा, आणि आपला आवाज तोंडाबाहेर पडला की तिथंच विझायचा.

"दोन्ही कानांना काहीच ऐकू येत नाही," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "कानाच्या मशीनचं बघू. पुढच्या महिन्यात परत या."

"फटाका वाजला तरी नाय?"

"नाही, ताई."

मॅडम बाहेर गेल्या. मी आसावरीला उचललं. परक्या जागी झोपलेलं पोर उचलताना त्याला नावानं हाक मारायची, अशी आमच्यात रीत आहे. झोपेत पोराचं मन तिथंच रेंगाळतं, म्हणून 'अमुक, चल घरी' असं म्हणून त्याला बोलवायचं. पण त्या घडीला मला तिचं नाव घ्यावंसंच वाटेना. ऐकणार कोण होतं? नुसतं म्हटलं, "चल गो बाय, घरी चल."

बाकी सगळे शब्द त्या खोलीत विझले होते. हे मात्र विझले नाहीत. दारापर्यंत माझ्या मागं आले.

टॅक्सीवाल्यानं परत सायनला रस्त्याच्या अलीकडं सोडलं, एसटीचा थांबा पलीकडं होता. गाड्या थांबता थांबेनात. ट्रॅफिकच्या हवालदारानं हात करून त्या थांबवल्या आणि माझ्यावरच डाफरला, "ओ ताई, एकीला कडेवर घेतलंत ते ठीक. दुसरीला काय देवाच्या भरवशावर सोडलंय? हात धरा तिचा."

"माझी एकच हाय, साहेब."

तो माझ्या पदराच्या टोकाकडं बघत राहिला. मग शिट्टी तोंडात घालून दुसरीकडं वळला.

एसटीत खिडकीची जागा मिळाली. आसावरी मांडीवर झोपलेलीच होती. कंडक्टर आला. "तुमचं एक, आणि या मोठीचं अर्धं."

"कुठली मोठी?"

"ही काय..." म्हणत तो वाकला. माझ्या शेजारची जागा मोकळी होती. "उतरली वाटतं," तो हळूच म्हणाला. गाडी सायनपासून कुठं थांबलीच नव्हती.

वडखळ आलं तसा खाडीचा वास आत आला. अंधारून आलं होतं. कुणीतरी माझ्या कुशीत सरकलं... गार, अगदी हलकं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. खांबपर्यंत मान वळवली नाही.

दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. "नाव घेऊन बोलावलंस ना गो? नुसत्या हाकेला कुणीपण मागं येतं."

"व्हय," मी म्हटलं. काय सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई शेजारी गेल्या होत्या. आसावरी पडवीत चिंचोके मांडत बसली होती, मी पीठ मळत होते.

"आई."

स्पष्ट आवाज. तीन वर्षं ज्याची वाट बघितली तो शब्द. मी पिठाच्या हातानं पडवीत धावले. आसावरीचे ओठ मिटलेले होते.

"आई..."

आवाज परसातून येत होता. तिथं केळीशिवाय काही नव्हतं. आणि मग बघितलं, तर आसावरीचा हात थांबला होता. मान वळवून ती परसदाराकडं बघत होती.

मी तिच्या मागं उभं राहून "आसावरी" म्हणून ओरडले. ती वळली नाही. आतून पितळेची परात आणून जमिनीवर आपटली. ती वळली नाही.

परसातून परत तीच हाक आली, आणि माझी पोर तिकडं बघून हसली.