पाठवणीचा धवला

काशीबंदरच्या धक्क्याला बोट लागली की पाहुणे उतरण्याआधीच कानात मणी घालत. मोत्याएवढा, पांढरा, तिकिटाबरोबर फुकट मिळणारा. त्याला सगळे कानमणी म्हणत. मणी कानात गेला की एक म्हातारी बोलू लागे आणि पुण्यानागपुराहून आलेली माणसं फळीवर पाय ठेवतानाच हसू लागत.

"आलीस गो बाय? दमलीस? पयलं किल्ल्यावं जा. भरती आली का वाट बुडते, मंग बसशील रडत. दुपारच्याला दीपगृह बग. आन ऱ्हायाला 'शिंपला' हाटेल. दर्याकडची खोली माग, मागल्या अंगाची घेऊ नको, डास फोडून खातील."

धक्क्याच्या टोकाला बोंबील आणि सोडे मांडून बसलेल्या चांगुणाने कानात मणी कधीच घातला नव्हता. तिला त्याची गरजही नव्हती. हौशी पाहुणे मनगटावरच्या पट्टीतून आवाज मोठा करून सगळ्यांनाच ऐकवत. दर बोटीला चांगुणाची मेलेली आई तिच्या टोपल्यांपुढून बोलत जाई, आणि दर बोटीला चांगुणा सोड्यांवरच्या माश्या अशा हाणी की फडक्याच्या चिंध्या होत.

तिची आई, पोशीबाय, धवलारीण होती. कोळ्याच्या लग्नात भटजीचं काम नंतर. आधी धवलारीण मांडवात बसून धवले गाते. दर्याच्या देवाला, वेशीवरच्या आईला, कुळातल्या बुडालेल्या नाखव्यांना एकेकाचं नाव घेऊन बोलावते. लग्न लागलं, हळद उतरली, की दुसरा धवला गाऊन एकेकाला परत धाडते. "धाडला नाय तर देव मांडवातच उभा ऱ्हातो गो," पोशीबाय सांगे. "उपाशी. पाय दुखतात त्याचं."

तिच्या शेवटच्या वर्षी लोककला जतन करणारी माणसं आली होती. त्यांच्याकडे स्वरछायेचं यंत्र होतं. माणसाचं बोलणं-गाणं पोटभर ऐकलं की त्या माणसाच्या आवाजात, त्याच्याच स्वभावाने, कधी न बोललेली वाक्यंही ते बोलू शके. म्हातारी ओटीवर बसून आनंदाने गायली. चांगुणा शेजारी कोलंबी सोलत होती, आणि म्हातारीने नेहमीची खोड सोडली नव्हती: गाता गाता मध्येच थांबायचं, आणि लेकीकडे न बघता विचारायचं, "पुढं काय गो, बाय?" चांगुणाने पुढची ओळ म्हणेपर्यंत ती दगडासारखी बसून राही. लहानपणापासून असंच शिकवलं होतं तिने.

एक पाठवणीचा धवला मात्र तिने यंत्रापुढे गायला नाही. "मांडव नाय, लगीन नाय, देव आलंच नाय, तं धाडू कुनाला?" म्हणाली, आणि तोंडात पान कोंबलं.

ती गेली. जतनवाल्यांनी ती स्वरछाया पर्यटनवाल्यांना विकली. धवलारीण हॉटेलांचे दर सांगू लागली.

हे सगळं चांगुणाने गिळलं होतं. पण त्या संध्याकाळी 'शिंपला'च्या स्वागतकक्षात काम करणारी तिची लेक ऊर्वी डबा न्यायला धक्क्यावर आली, ती मान खाली घालूनच.

"आये, हाटेलात नवा कार्यक्रम सुरू झालाय. कोळी लग्न. पाहुन्यांतलीच कुनी नवरानवरी होतात, लुगडी नेसून फोटो काढतात. सकाळ-संध्याकाळ." तिने डबा उचलला. "आन आजी धवला गाते."

"कंचा?"

"बोलावन्याचा."

चांगुणाने टोपली झाकलीसुद्धा नाही.

'शिंपला'च्या तरणतलावाकाठी प्लास्टिकच्या आंब्याच्या पानांचा मांडव होता. डोळ्यांवर काळा चष्मा लावलेला नवरा आणि बाशिंग सावरत खिदळणारी नवरी पाटावर बसली होती. मांडवाच्या खांबांतून पोशीबाय गात होती:

*ये रे दर्याच्या देवा, लाट तुझी घोडी,*
*मांडवी ठेवली तुला, खडावांची जोडी.*

आवाजात खोट नव्हती. तोच कंप, ओळीच्या शेवटी तोच दमेकऱ्याचा श्वास. देव कसा ओळखणार, हाक खरी की खोटी? सकाळी बोलावलेले इथेच असतील. कालचे, परवाचे. पाण्याकाठच्या आरामखुर्च्यांमागे दाटीवाटीने उभे, ओले, भुकेले.

"बंद करा!" ती ओरडली. "बंद करा ते!"

व्यवस्थापक सबनीस धावत आला. तरुण, गोड बोलणारा. ऊर्वीने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, तसा त्याचा चेहराच बदलला.

"तुम्ही पोशीबाईंच्या कन्या? अहो, मावशी, तुम्हालाच तर शोधत होतो! पाठवणीचं गाणं आमच्याकडे नाहीच. कार्यक्रम अर्धवट वाटतो लोकांना."

"तुमचं यंत्र तं नवीन रचतंय ना? रचा की!"

"रचायला सांगितलं स्वरछायेला. ती गातच नाही." तो ओशाळून हसला. "तिथे आली की गप्प बसते. स्वभावही उतरलाय ना त्यांचा."

म्हणजे आईने राखलं होतं. मेल्यावरही, खांबात चिणल्यावरही. या विचाराने चांगुणाचा राग डोळ्यांतून वाहायच्या बेतात आला. तिने नवऱ्याला पाटावरून उठवलं. "ऊठ रं! लगीन लागायचं तवा लागंल." पदर खोचून ती मांडवाच्या मधोमध बसली. निदान या उभ्या असलेल्यांना तरी घरी धाडायचं. आईचं राहिलेलं काम लेकीने करायचं. तिने डोळे मिटले.

*आलास तसा जा रे देवा, वाट झाली ओली,*
*मांडवाची सावली तुझ्या होडीत घातली.*

पाहुण्यांचं एकेक मनगट वर झालं, टिपून घ्यायला. चांगुणाने बघितलं नाही. तिने वेशीच्या आईला धाडलं, बुडालेल्या नाखव्यांना धाडलं. कोंडलेल्या रागातून गळा असा मोकळा झाला की दर्याही ऐकत असावा.

आणि मग तिच्या लक्षात आलं, आपण एकट्या गात नाही.

खांबांतून आई गात होती. अर्धी ओळ मागून, चाचपडत, मग नीट. जी ओळ चांगुणा सोडी ती आई उचली. मुरकीसकट. कडव्यागणिक अंतर कमी होत होतं. सबनीसने हात छातीशी जोडले होते, देवळात उभं राहिल्यासारखे.

गायलेलं सगळं खांबात जात होतं, उद्यापासून इथे विकायला. फक्त शेवटची ओळ राहिली होती, जिच्यावर देव खरोखर पाठ फिरवतो. ती तिने दातांखाली धरली.

तलावातलं पाणी हलत होतं.

"पुढं काय गो, बाय?" खांब म्हणाला.

चांगुणाचं तोंड आपसूक उघडलं. पन्नास वर्षांची सवय. समोर ऊर्वी उभी होती. पुढच्या महिन्यात तिचं लग्न. तिच्या मांडवात गायला आता हीच एक न विकलेली ओळ शिल्लक होती, आणि इथे ती म्हटली नाही तर बोलावलेले सगळे असेच उभे.

"गा ना, मावशी," सबनीस कुजबुजला.

"पुढं काय?" तीच माया, तोच धाक.

चांगुणा उठली. खांबाशी गेली. म्हातारीच्या तोंडाला तोंड लावावं इतकी जवळ.

"पयलं तू सांग," ती म्हणाली. "इचारतंय कोन?"

भरतीची वेळ, दीपगृहाची वाट, डास नसलेली खोली, सगळं ठाऊक असलेला तो आवाज थांबला. मग बारीक होऊन, अंधारात चाचपडणाऱ्या माणसासारखा, तो म्हणाला,

"मना म्हाईत नाय गो. तुना म्हाईत हाय?"