तहाची खूण

पहिल्या भेटीत मी त्याच्याशी चांगली कडाकडा भांडले, आणि त्याला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही.

झालं असं... आमच्या संग्रहालयात प्राचीन आणि मध्ययुगीन जगाचं नवं दालन तयार होत होतं. भिंतींवरचे माहितीफलक लिहिणं माझ्याकडे होतं. एका सकाळी आत शिरते तर माझ्या ताज्या फलकालाच शिडी टेकवलेली, आणि शिडीवर पाठमोरा उभा राहून एक माणूस मातीच्या मंदिराच्या कळसाला रंग देतोय. मी म्हटलं, शिडी काढा. मग म्हटलं, ऐकू येत नाही का? मग तोंडाला येईल ते म्हटलं. शेवटी शिडीच गदगदा हलवली.

तो वळला. कानाकडे बोट नेऊन त्यानं मान हलवली, आणि हसला.

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. तो शांतपणे खाली उतरला, फोनवर काहीतरी टाइप केलं आणि माझ्यासमोर धरलं. "रागावलात एवढं कळलं. का, ते लिहा."

"काही नाही," मी लिहिलं.

"काही नाहीसाठी एवढे हातवारे? बाकी हात छान बोलतात तुमचे."

मी लाजले की चिडले, अजून ठरवता आलेलं नाही.

दालनातल्या सगळ्या प्रतिकृती तोच घडवत होता. त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, ठरवून टाकलं की उद्घाटनानंतरचा पहिला गट कर्णबधिर शाळेतल्या मुलांचा असेल आणि दालन तोच दाखवेल. अडचण एकच होती. नगरराज्य, राजवंश, चित्रलिपी, सरंजामशाही... माझ्या फलकांवरच्या निम्म्या शब्दांना त्याला ठाऊक असलेली खूणच नव्हती. अक्षरं सुटी सुटी करून दाखवली असती तर मुलं कंटाळून गेली असती.

मग रोज दुपारी आम्ही त्याच्या कार्यशाळेत बसू लागलो. प्लास्टरची धूळ, सरसाचा वास आणि निवत चाललेला चहा. मी अर्थ सांगायचा, त्यानं खूण शोधायची. आधी सगळं फोनवर लिहून चालायचं, मग हळूहळू मीच त्याच्याकडून खुणा शिकू लागले.

"सरंजामशाही," मी लिहिलं, "म्हणजे राजा सरदारांना जमीन देतो, सरदार ती कुळांना कसायला लावतात. राबायचं कुळांनी, हुकूम वरून."

"कळलं. आमच्या घरी आई, ताई आणि मी."

मी खळखळून हसले. त्याला हसू ऐकू येत नसे, पण तो ते बघायचा, अगदी संपेपर्यंत...

'तह' हा शब्द आला तेव्हा त्यानं बराच विचार केला. मग माझे दोन्ही हात उचलले, तळवे उघडे केले आणि त्यांवर आपले उघडे तळवे टेकवले. त्याची बोटं प्लास्टरनं खरखरीत झाली होती.

"एकट्यानं करायची खूण सांगा," मी हात सोडवून घेत लिहिलं.

"एकट्यानं तह कसा होईल? तूच सांग."

'तुम्ही'चा 'तू' कधी झाला, त्यानं मुद्दाम केला की बोट घसरलं, मी विचारलं नाही. पण घरी जाईपर्यंत मी तो एक शब्द मनात घोळवत होते.

दोनच दिवसांत त्याची ताई कार्यशाळेत आली. ती ऐकणारी, बोलणारी होती. तो भट्टीकडे गेल्याचं पाहून तिनं मला बाजूला घेतलं.

"याचं एकदा ठरलं होतं," ती म्हणाली. "ती मुलगीही ऐकणारी. तिनंही खुणा शिकायला घेतल्या होत्या. मग कंटाळली आणि निघून गेली. नंतर कितीतरी महिने यानं मातीला हात लावला नाही. तू नुसती हौस म्हणून शिकत असशील, तर आत्ताच थांब बाई."

तिचा राग आला नाही. भीती वाटली, ती माझीच. उद्या मीही कंटाळले तर? दुसऱ्या दिवसापासून मी उरलेले अर्थ मेलवर पाठवू लागले. त्याचे मेसेज आले. मी 'कामात आहे' म्हणून कळवलं. रात्री मात्र आरशासमोर उभी राहून खुणा करत राहिले.

मुलं आली त्या दिवशी मी दालनात एका खांबाआड उभी होते. तो सुरेख दाखवत होता. मुलांचे हात नुसते नाचत होते. एका फलकापाशी मात्र सगळं अडलं. फलक माझाच होता. 'तटाबाहेरच्या रानटी टोळ्या.' दोन वेण्यांच्या एका मुलीनं विचारलं, "रानटी हे नाव त्यांनी स्वतःला दिलं होतं का?"

त्यानं नजरेनं मला शोधलं.

मी पुढे झाले. तुटक, चुकतमाकत खुणांनी सांगितलं की नाही, ते नाव शहरातल्यांनी दिलं. टोळीवाल्यांची भाषा पूर्ण होती, त्यांच्यात गाणी होती, थट्टा होती. शहरातल्यांना ती कळत नव्हती. आणि कळत नाही म्हणून त्यांना रानटी म्हणायचे.

"मग त्यांनी शिकायची ना," ती मुलगी म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "शिकायचीच. आणि हा फलक मी बदलणार आहे."

मुलं गेली. दालन रिकामं झालं. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "का आली नाहीस इतके दिवस?"

मी ताईचं बोलणं सगळं सांगितलं. अर्धं हातांनी, अर्धं लिहून. तो वाचत गेला, आणि त्याच्या चेहऱ्यावर आधी नवल उमटलं, मग हसू.

"ती सोडून गेली नव्हती," त्यानं लिहिलं. "मीच नको म्हणालो. ताईचा तिच्यावर फार जीव होता, म्हणून घरी खरं सांगितलं नाही. आणि माती सोडली होती ती मनगट मोडलं होतं म्हणून."

"पण नको का म्हणालास?"

"माझ्याशी बोलताना ती फोनकडे बघायची. तू माझ्याकडे बघतेस."

डोळे भरून आले आणि हसूही आलं. त्यानं घाबरून माझे दोन्ही हात धरले.

"अरे सोड, मला बोलायचंय," मी म्हणाले. ओठांवरून त्यानं ते वाचलं आणि चटकन हात सोडले.

मग मी सांगितलं. सावकाश, एकेक खूण नीट करत, आधी स्वतःकडे बोट नेऊन, शेवटी त्याच्याकडे.

त्यानं सगळं पाहिलं. माझं एक बोट वाकडं पडलं होतं, ते हळूच सरळ केलं. आणि तेच वाक्य, जराही घाई न करता, मला म्हणून दाखवलं.