फाटका खिसा आणि बाबांची बस

पहिल्याच भेटीत त्याने माझी कात्री धरली. हिंमत बघा! मी नाटकांचे पोशाख शिवते आणि माझ्या कात्रीला बाबासुद्धा हात लावत नाहीत.

"थांबा! हे… हे काय कापताय?"

"कॉलर. सेनापतीच्या कोटाची. दिसत नाही?"

"अहो, पण कागद कसला आहे ते बघितलंत का?"

तो वरच्या मजल्यावर कर सल्लागाराकडे काम करायचा. जिन्यातल्या खिळ्याला अडकून शर्टाचा खिसा फाटला, म्हणून माझ्याकडे आला होता. आणि मी नाटक कंपनीने पाठवलेल्या छान जाड कागदावर कॉलरचा नमुना आखून बसले होते.

"हे तुमचा कर कापून घेतल्याचं प्रमाणपत्र आहे," तो रडवेला होऊन म्हणाला.

"मग झालं की. कर गेला, विषय संपला."

"विषय आता सुरू होतो! वर्षभराची सगळी कमाई मांडून विवरणपत्र भरावं लागतं. आणि तुमच्या कमाईच्या मानाने त्यांनी जास्तच कापलाय. भराल तर जास्तीचा परत मिळेल."

मी खूश व्हायला हवं होतं, पण मला बँक आठवली. आमच्या गाळ्याचा मालक गाळा विकत होता. महिनाअखेरपर्यंत तो माझ्यासाठी थांबणार होता, मग दुसऱ्याला देऊन मोकळा. कर्जाचे बाकी सगळे कागद तयार होते. फक्त बँकेतल्या बाईंनी विवरणपत्राची पोच मागितली होती, आणि ती म्हणजे काय हे विचारायची मला लाज वाटली होती. याच गाळ्यात आईने मला सुईत दोरा ओवायला शिकवलं. आई गेली, गाळा तेवढा राहिला होता.

मी हे सगळं त्या परक्या माणसाला सांगून टाकलं. तो चष्मा पुसत ऐकत राहिला.

"विवरणपत्राची शेवटची तारीखही महिनाअखेरच," तो म्हणाला. "आर्थिक वर्ष संपलं की मधे काही महिने मिळतात. ते तुम्ही कॉलरी कापण्यात घालवलेत. पण होईल… मी आहे ना."

त्या 'मी आहे ना'पायी माझ्या बोटात सुई घुसली.

मग ऑफिस सुटलं की तो लॅपटॉप घेऊन खाली यायला लागला. प्रमाणपत्रांवरचे आकडे कर खात्याच्या वेबसाइटवरच्या आकड्यांशी कसे जुळवायचे, धंद्याचा खर्च कुठे दाखवायचा, सगळं तो समजावून सांगायचा आणि मी त्याच्या पापण्या बघायचे.

"बचत खात्यावरचं व्याज?"

"चिमूटभर आहे हो."

"तरी दाखवायचं. काही लपवायचं नाही."

"आणि मनात असलेलं?"

"त्याला…" त्याचे कान लालबुंद झाले. "त्याला रकाना नाही."

त्याचा खिसा काही मी शिवत नव्हते. रोज 'उद्या देते' म्हणायचे, आणि तोही लबाड, रोज 'चालेल' म्हणायचा.

"तुम्ही माझ्याशी कराशिवाय कधी काही बोलणार आहात का?" एकदा मी वैतागून विचारलं.

"काम संपेपर्यंत गिऱ्हाइकाशी तसलं काही बोलायचं नाही, हा माझा नियम आहे."

"तसलं म्हणजे कसलं?"

"काम संपू दे…" तो लॅपटॉपच्या आड तोंड लपवत म्हणाला.

शेवटच्या दिवशी दुपारी 'सादर करा'चं बटण मी स्वतः दाबलं आणि टुणकन उडी मारली.

"थांबा, थांबा. पडताळणी राहिली. तुमच्या ओळखपत्राला जोडलेल्या मोबाईलवर कोड येईल. तो टाकला नाही तर विवरणपत्र भरलंच नाही असं धरतात."

माझा मोबाईल ढिम्म. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ओळखपत्र काढलं तेव्हा मी शाळेत होते, आणि त्याला नंबर जोडला होता बाबांचा. बाबा बस चालवतात. गाडीवर असताना त्यांचा फोन बंद असतो, आणि बँक थोड्याच वेळात बंद होणार होती.

"त्यांची बस कुठे थांबते?" लॅपटॉप छातीशी धरून तो उठलासुद्धा.

आम्ही पळत सुटलो. स्टॉपवर बाबांची बस गाठली.

"बाबा, फोन चालू करा!"

"शेवटच्या स्टॉपवर," बाबा म्हणाले. "बसा."

बाबांपुढे कोणाचं काही चालत नाही. आम्ही पुढच्या सीटवर बसलो. त्याने माझ्या हातावर आपला हात ठेवला… आणि काढला नाही. नियमाला तिथेच पहिली चीर गेली.

शेवटचा स्टॉप आला, पण गंमत बघायला कोणी उतरेना. बाबांनी इंजिन बंद केलं, चष्मा लावला, फोन उघडला. त्याने नवा कोड मागवला. बाबा शाळेत कविता म्हणावी तसे खड्या आवाजात एकेक आकडा वाचू लागले.

"अहो, कोड असा ओरडून सांगतात का?" मागच्या सीटवरच्या एक आजी काळजीने म्हणाल्या.

"माझी मुलगी आहे."

"आणि हा कोण?" आजींनी विचारलं.

त्याने शेवटचा आकडा टाकला. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: पडताळणी यशस्वी.

"काम संपलं," तो म्हणाला. "आता तू माझं गिऱ्हाईक नाहीस. म्हणून सांगतो… मला तू फार आवडतेस. कॉलर कापत होतीस, तेव्हापासून."

"मलाही," मी म्हणाले. बसमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. आजींनी तर शिट्टी वाजवली.

बाबांनी आरशातून त्याला नखशिखांत न्याहाळलं. "म्हणजे तू विवरणपत्रं भरतोस?"

"हो… काका."

"आज शेवटची तारीख ना? माझं राहिलंय."

परतीच्या वाटेवर, बँक बंद व्हायच्या आत, बाबांनी आम्हाला तिच्या दारात उतरवलं. बाईंनी पोच बघितली, कर्ज मंजूर केलं, आणि मी तिथूनच मालकाला फोन लावून गाळा पक्का केला.

त्या संध्याकाळी तो माझ्या स्टुलावर बसून बाबांचं विवरणपत्र भरत होता. मी आईच्या मशीनवर त्याचा खिसा शिवत होते, माझ्या स्वतःच्या गाळ्यात.