कव्हर तुझं, कॅमेरा माझा

द्वारका चौकाजवळच्या भंगाराच्या दुकानात एका जुन्या कॅमेऱ्यावर दोन हात एकदमच पडले.

"मी आधी पाहिला," योगिनी म्हणाली.

"कॅमेरा तुम्हीच घ्या हो... मला फक्त कव्हर हवंय," तो हसला. चामड्याच्या कव्हरवर एक फिकट लेबल होतं — झेपेलिनचं, लोकांना समुद्रापार नेणाऱ्या जुन्या काळच्या त्या अजस्र हवाईजहाजाचं.

एकलहरे गावचा हा निवृत्ती झेपेलिनच्या वस्तूंसाठी वेडा होता. पोस्टकार्डं, चमचे, बिल्ले, काय मिळेल ते जमवायचा. कव्हर त्याच्याकडे गेलं, कॅमेरा तिच्याकडे. मग दर रविवारी त्याचा फोन यायचा, "कव्हरला कॅमेऱ्याची आठवण येतेय."

"कव्हरलाच ना?" असं लटक्या रागाने विचारून ती निघायची. ती प्रेमात केव्हाच पडली होती, बोलायचं मात्र दोघांनाही जमलं नाही.

आणि एक दिवस त्याला जर्मनीत नोकरी लागली — जिथे ती हवाईजहाजं बांधायचे, त्याच तळ्याकाठच्या गावात. आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावेना. त्या चेहऱ्याला 'जाऊ नकोस' कोण म्हणणार?

तिने कॅमेऱ्यात रीळ भरलं. डाव्या तळहातावर मेंदीने उलटी अक्षरं काढली, हात आरशासमोर धरला आणि आरशातल्या हाताचा फोटो घेतला. फोटोत अक्षरं सुलट दिसणार होती : परत ये. तिकडे रीळ धुईल तेव्हा वाचेल, एवढीच तिची आशा.

निघायच्या दिवशी द्वारकेच्या थांब्यावर तिने कॅमेरा पुढे केला. "घेऊन जा. दोघांची ताटातूट नको."

तो हरखला. जुना कॅमेरा हातात आला की असले छंदी लोक आधी जे करतात, तेच त्याने केलं... मागचं झाकण उघडलं. दुपारचं ऊन थेट रिळावर पडलं आणि ते वाया गेलं.

"अगं, रीळ होतं? काय होतं त्यावर?"

तिला रडू फुटायचंच बाकी होतं. "काही नाही रे. शटर चालतं का बघत होते."

त्याने झाकण बंद केलं. "योगिनी... परत यावं असं इथे काही आहे का गं माझं?"

डाव्या हाताची मूठ तिने घट्ट आवळली. 'हो' म्हटलं तर हा बसमध्ये चढणारच नाही, हे तिला ठाऊक होतं.

"आधी जा तर," ती म्हणाली.

बस हलली. तिने उजवा हात हलवला. बस दिसेनाशी झाल्यावर डावी मूठ उघडली. मेंदी फार गडद रंगली होती.