थडग्यांना चहाचं आमंत्रण

पुण्याच्या माणसानं "या एकदा घरी" म्हटलं तर ते आमंत्रण नसतं, तो निरोप असतो. हे आपल्याला कळतं, जर्मन माणसाला कळत नाही. मेलेल्या जर्मन माणसाला तर मुळीच नाही. ऐका तर.

हॅनोव्हरजवळच्या एका गावात सुमेधा राहायची. माहेर कोथरूडचं, पेशानं इंजिनियर, आणि आता गावच्या ओर्ट्सराटची, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीची, सदस्य. गावाबाहेर एक जुनी दफनभूमी होती. दलदल उपसून ज्यांनी हे गाव वसवलं, ती पहिली माणसं तिथं निजली होती. तिच्या डागडुजीला पंचायत पैसे द्यायला तयार होती, पण अट खास जर्मन. थडग्यांचे दगड हातानं हलवून बघायचे. घट्ट निघाले तर निधी, डुगडुगले तर धोकादायक म्हणून सगळं सपाट करायचं आणि वर पार्किंग.

शेजारच्या फ्राऊ हार्म्सची धाकटी बहीण लहानपणीच गेली होती, तीही तिथंच. "तिच्यावर गाड्या नकोत गं," म्हणून म्हातारी रडली, आणि सुमेधानं तिला शब्द दिला. परक्या गावातल्या पहिल्या हिवाळ्यात याच म्हातारीनं दारात गरम सूप आणून दिलं होतं. ते ती विसरली नव्हती.

तपासणीच्या आदल्या दिवशी ऑफिसातून येताना सुमेधा तिकडे डोकावली. नोव्हेंबर महिना, चहाच्या वेळेलाच अंधारून आलेलं. कुजक्या पानांचा ओला वास. कुठंतरी पाणी ठिबकत होतं, टप... टप... तिनं पहिल्या दगडाला हात लावला. पडायला आलेल्या दातासारखा तो हलला. दुसराही हलला. सगळेच हलले.

"मेले!" ती म्हणाली, आणि आपण कुठं उभ्या आहोत ते आठवून तिनं जीभ चावली.

मागं सरकताना तिचा पाय एका थडग्याला लागला. सवयीनं वाकून तिनं नमस्कार केला आणि जर्मनमध्ये पुटपुटली, "आजोबा, निधी मिळेपर्यंत तेवढा तग धरा हो."

खालून कुणीतरी घसा खाकरल्यासारखं झालं. सुमेधा तिथून जी निघाली, ती घरी येऊनच थांबली.

दुसऱ्या दिवशी पंचायतीचे क्रुझेसाहेब आले. त्यांनी हात लावला, मग खांदा लावला. चेहरा लालबुंद झाला, पण दगड ढिम्म.

"चला, उत्तम! शनिवारी समिती बघेल आणि सही करेल," म्हणत ते गाडीकडे गेले.

सुमेधाला आनंद आवरेना. तिनं दगडावर थाप मारली. "फार उपकार झाले! या ना सगळे एकदा घरी चहाला!"

"गेर्ने..." दगडामागून आवाज आला. म्हणजे, आनंदानं. "...कधी?"

दगडाच्या कडेला, पलीकडून घट्ट आवळलेली, काळ्या चिखलानं माखलेली बोटं होती. सुमेधाच्या तोंडून कसंबसं निघालं, "श... शनिवारी. चारला."

शनिवारी पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी हौसेनं पोहे केले. पाहुणे कोण, हे सुमेधानं त्यांना सांगितलंच नव्हतं. चार वाजले, कुणी नाही. साडेचार झाले. जर्मन माणूस उशिरा येत नाही, म्हणजे आता येत नाही! सुमेधाच्या जिवात जीव आला. तेवढ्यात क्रुझेंचा फोन.

"अभिनंदन, निधी मंजूर! समितीसमोर एकही दगड हलला नाही. पण... आमची सही झाली आणि सगळे दगड एकामागून एक हळूच आडवे झाले. कुणी अलगद निजवावेत तसे. असू दे, आता पैसे आहेत. बसवू पुन्हा."

दाराची घंटा वाजली.

"आई, नका उघडू..."

पण सासूबाईंनी दार उघडलंच. सुमेधानं डोळे मिटून घेतले. जड पावलं एकामागून एक तिच्या बाजूनं आत गेली. थंडगार वारा, आणि ओल्या पानांचा तोच वास.

"किती शिस्तीची माणसं गं! बूट बाहेर काढून आली," सासूबाई म्हणाल्या. "हात तेवढे फार गार आहेत."

सुमेधानं डोळे उघडले. दाराबाहेर चिखलानं भरलेले बूट ओळीनं लावले होते. शेवटचा जोड अगदी चिमुकला. तो पाहून तिला भीती वाटायची तिथं रडूच आलं.

सासूबाई हॉलच्या दारात उभ्या राहिल्या. सुनेनं शिकवलेलं एकच जर्मन वाक्य त्यांना येत होतं, आणि ते वापरायची त्या महिनाभर वाट बघत होत्या.

"आता जेवूनच जा हं!"

"गेर्ने," आतून सगळे एकदम म्हणाले. आणि मग जरा मागून, एक बारीक आवाज, "...गेर्ने."